चार टीबी डेटासाठी टेप ड्राइव्ह घ्यावा का?

तुमचा प्रश्न असा, की कारखान्याचे हिशेब आणि ड्रॉइंगं मिळून चार टीबी डेटा आहे, रोजचा बॅकअप नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कांच्या पेटीवर) जातो आणि विक्रेता टेप ड्राइव्ह (चुंबकीय फितीवर डेटा लिहिणारं यंत्र) गळ्यात मारू बघतोय. माझं उत्तर: आत्ता घेऊ नका.

टेप वाईट म्हणून नव्हे. मी स्वतः कित्येक वर्षं टेपा बदलल्यात. फेब्रुवारी २०११ मध्ये एका बगमुळे काही जीमेल खात्यांतल्या मेल गायब झाल्या. डिस्कवर एकाहून जास्त प्रती होत्या, पण बगने त्याही सोडल्या नाहीत. गूगलने मेल परत आणल्या त्या टेपवरून, कारण टेप यंत्रणेपासून तुटलेली होती. टेपचा खरा गुण हाच.

पण तो गुण तुम्हाला टेपशिवायही स्वस्तात मिळतो. टेपमध्ये कार्ट्रिज (फितीची डबी) स्वस्त, ड्राइव्ह महाग. एलटीओ हा टेपचा प्रचलित प्रकार, पुढचा आकडा पिढीचा; एलटीओ-९ च्या एका कार्ट्रिजमध्ये १८ टीबी मावतं (वेष्टनावरचे ४५ टीबी म्हणजे डेटा अडीचपट दाबला जाईल हे गृहीत धरून). चार टीबीवर ड्राइव्हचा खर्च कधी वसूल व्हायचा? शिवाय साध्या गिगाबिट नेटवर्कवरून डेटा सेकंदाला शंभर-एकशेदहा एमबीच येतो. तेवढ्याने ड्राइव्हची भूक भागत नाही. मग टेप थांबते, मागे येते, पुन्हा पळते आणि रात्रभर घासत बसते.

आणखी एक दुखणं पिढ्यांचं. एकदा हिशेब तपासणीत जुना डेटा मागितला गेला. टेपा एलटीओ-४ च्या, ड्राइव्ह एलटीओ-७ चा, आणि तो फक्त दोन पिढ्या मागचं वाचतो. शेवटी ओळखीतून जुना ड्राइव्ह दोन दिवसांसाठी मागून आणला. कंपनी कायद्याने हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं ठेवावी लागतात, तेव्हा हा प्रसंग तुमच्यावरही येऊ शकतो.

सध्या नॅस राहू द्या, एखादी फाइल चुकून उडाली तर तोच पाच मिनिटांत कामाला येतो. मात्र तो कायम वायरला जोडलेला असतो, रॅन्समवेअर (डेटा अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) त्यालाही कुलूप लावून जाईल. म्हणून आठ टीबीच्या तीन यूएसबी डिस्क घ्या, एन्क्रिप्ट करा (म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाहीत) आणि आळीपाळीने लावा. एक नेहमी कारखान्याबाहेर, मालकांच्या घरी असू द्या. पासवर्ड त्याच सर्व्हरवर लिहून ठेवू नका, हसू नका, मी हे पाहिलंय. तीन महिन्यांतून एकदा एखाद्या जॉबचं फोल्डर दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून उघडून बघा. डेटा चाळीस-पन्नास टीबीला टेकला आणि वर्षानुवर्षं जपायचा असला, तर टेपचा विषय पुन्हा काढा.

दर शुक्रवारी डिस्क काढून कोण नेणार, त्याचं नाव मात्र आधी ठरवा, आणि तो नसेल तेव्हा नेणाऱ्याचंही. आमच्याकडे तो माणूस रजेवर गेला की तीच डिस्क तीन-तीन आठवडे सर्व्हरला लटकलेली असायची.