वाचक विचारतात : कोरियन घरात गणपती, दिवाळी आणि संक्रांत

कोरियात शिकवायला गेलेल्या आणि तिथल्या एखाद्या कुटुंबात राहणाऱ्या मुलामुलींच्या घरून आलेली पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. सारख्या प्रश्नांचा एकच प्रश्न केला आहे.

मुलगी बुसानजवळच्या शाळेत इंग्रजी शिकवते. ज्यांच्याकडे राहते ती मंडळी दर रविवारी चर्चला जातात. तिला यंदा खोलीत गणपती बसवायचाय. त्यांना विचारायचं कसं, आणि दहा दिवस ठेवावा का?
– एक आई, मिरज

विचारायचं दोन-तीन आठवडे आधी, आणि मोघम नाही. ‘आमचा सण आहे, चालेल का?’ असं विचारलं की समोरचा भिडेपोटी हो म्हणतो आणि आयत्या वेळी दोघांचीही पंचाईत होते. मूर्ती केवढी, कुठे ठेवणार, किती दिवस, दिवा लावणार का, बाहेरचं कोणी येणार का, एवढं सगळं सांगून टाकावं. ‘माझ्या खोलीत, वीतभर मूर्ती, दीड दिवस, एकच दिवा, उदबत्ती नाही’ अशा प्रस्तावाला नकार सहसा येत नाही. बैठकीच्या खोलीतली जागा त्यांनी आपणहून देऊ केली तर घ्यावी, मागू मात्र नये.

घर ख्रिस्ती असल्यामुळे एक गोष्ट जास्त सांभाळायची. पूर्वजांपुढे ताट मांडण्याचा चार्ये हा विधी कोरियन घरांत चुसॉक (सुगीचा सण) आणि सॉल्लाल (चांद्र नववर्ष) या दोन सणांना होतो. नैवेद्य ही कल्पना त्यामुळे तिकडे नवी नाही. पण बरीच ख्रिस्ती कुटुंबं श्रद्धेपोटी हा विधी करत नाहीत, आणि मूर्तीपुढे ठेवलेलं अन्न खाणं काहींना प्रशस्त वाटत नाही. म्हणून नैवेद्य दाखवण्याआधीच त्यांच्या वाट्याचे मोदक वेगळ्या डब्यात काढावेत आणि ते आधीच काढलेत हे सांगावं. मग कोणी संकोचाने खात नाही आणि कोणी संकोचाने टाळत नाही. आरतीला ‘यायचं असेल तर या’ एवढंच म्हणावं.

दहा दिवसांचा हट्ट यंदा तरी नको. गणेश चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबर २०२६ ला आहे आणि अनंत चतुर्दशी शुक्रवारी, २५ सप्टेंबरला. नेमका त्याच दिवशी चुसॉक आहे. त्यांच्या आठव्या चांद्रमासाची ही पौर्णिमा कधी आपल्या भाद्रपदाशी येते, तर कधी कोजागरीशी. २०२५ मध्ये ६ ऑक्टोबरला कोजागरी आणि चुसॉक एकाच दिवशी होते. चुसॉकची सुट्टी २४ ते २६ सप्टेंबर. त्या दिवसांत घरातले लोक गावी जातात, किंवा सगळे नातेवाईक याच घरी उतरतात. त्या गर्दीत विसर्जन काढू नये. दीड दिवस किंवा पाच दिवस ठीक.

पूजेची वेळ आपल्या दाते पंचांगातलीच धरायची का?
– आजोबा, वाई

तिथी सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ साऱ्या जगात एकाच क्षणी असते. त्यामुळे पंचांगातल्या वेळेत साडेतीन तास मिळवले की कोरियातली वेळ मिळते. सूर्योदय आणि मध्यान्ह यांचं तसं नाही, ते तिथलेच धरायचे. कोरियाचं घड्याळ १३५ अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि देश त्याच्या पश्चिमेला, म्हणून सोलमध्ये सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या आसपास. सोमवारी त्या वेळी ती वर्गात असणार. सकाळी शाळेला निघण्याआधी प्राणप्रतिष्ठा आणि संध्याकाळी आरती, हे जमण्यासारखं आहे. आरतीत फोनवरून सामील व्हायचं असेल तर वाईत पाच वाजता बसा, तिकडे साडेआठ झालेले असतील. आपल्या सातच्या आरतीला तिथे साडेदहा होतात, आणि त्या वेळी टाळ वाजवण्याची सोय नाही.

मूर्ती तिथेच करायची म्हटली तर माती कुठली? विसर्जन कुठे?
– एक वाचक, तासगाव

शाळेच्या साहित्याच्या दुकानात तीन प्रकारची माती मिळते आणि तिन्ही पाकिटं दिसायला सारखीच असतात. घ्यायची ती ‘चालहुक’, म्हणजे साधी नैसर्गिक माती. ती पाण्यात विरघळते. ‘जिजमतो’ ही पांढरी कागदी माती वाळल्यावर सुरेख दिसते, पण तिच्यात कागदाचा लगदा आणि डिंक असल्यामुळे बादलीत तिचा फक्त गोळा होतो. तिसरी तेलातली, ती कधीच विरघळत नाही. मूर्ती दहा-बारा सेंटिमीटरची पुरे. हीटरजवळ किंवा गरम फरशीवर वाळवू नका. बाहेरची कातडी आधी आकसते, आतली माती ओलीच राहते आणि सोंडेपाशी तडा जातो. सावलीत, सैल फडक्याखाली तीन-चार दिवस ठेवावी.

नदी, ओढा, समुद्र यांचा विचारही नको. बादलीत विसर्जन करून माती कुंडीत टाकावी, सिंकमध्ये ओतू नये, नळी तुंबते. निर्माल्य आणि नारळाची करवंटी ओल्या अन्नकचऱ्यात जात नाही. अन्नकचरा तिथे वेगळा गोळा होतो आणि टणक कवचं, हाडं, बिया त्यात चालत नाहीत. ही दोन्ही महापालिकेच्या विकतच्या पिशवीत, साध्या कचऱ्यात जातात.

गेल्या वर्षी मुलीने उकडीचे मोदक केले, ते वाफेवर बसले आणि भांड्याला चिकटले. पीठ ‘तांदळाचं’ असंच लिहिलेलं होतं. काय चुकलं?
– एक वाचक, सातारा

दोन शक्यता आहेत आणि दोन्ही पिठाच्या.

पहिली: पीठ ‘चाप्सल-गारू’ असणार. हे चिकट तांदळाचं पीठ. त्यात अमायलोज हा स्टार्चचा घटक जवळजवळ नसतो, त्यामुळे वाफ लागली की ते पसरतं. आकार धरणं त्याच्या स्वभावातच नाही. मोदकाला हवं ‘मेप्सल-गारू’, रोजच्या भाताच्या तांदळाचं. हा तांदूळसुद्धा आपल्या आंबेमोहोरापेक्षा चिकटच, पण पारी उभी राहते.

दुसरी शक्यता जास्त फसवी आहे. मेप्सल-गारू कोरडं मिळतं आणि ओलंही. ओलं पीठ म्हणजे तांदूळ भिजवून, निथळून गिरणीत दळलेलं. दुकानात ते फ्रीजरमध्ये असतं. त्यात मुळातच भरपूर पाणी असतं आणि गिरणीवाले बहुतेकदा मीठही घालूनच दळतात. आपल्या सवयीने एक वाटी पाण्याला एक वाटी ओलं पीठ घातलं की उकड न होता खळ होते. पाकीट हातात घेऊन दाबावं. पीठ ओल्या वाळूसारखं मुठीत धरून राहिलं तर ओलं, सुटून पडलं तर कोरडं.

कोरड्या पिठाची उकड नेहमीसारखीच: एक वाटी पाणी, चमचाभर तूप, चिमूट मीठ, पाण्याला उकळी आली की आच बंद करून एक वाटी पीठ घालायचं, हलवून दहा मिनिटं झाकायचं आणि गरम असतानाच मळायचं. वाफ दहा ते बारा मिनिटं.

ओल्या पिठाची उकड काढायचीच नाही. ५०० ग्रॅम पिठाला १०० ते १५० मिली उकळतं पाणी, तेही चमच्याचमच्याने, आणि मळत राहायचं. कानाच्या पाळीइतकं मऊ झालं की थांबायचं. मीठ चाखून पाहिल्याशिवाय घालू नये. हे पीठ आधी शिजलेलं नसतं, म्हणून वाफ वीस मिनिटं लागते. दहा मिनिटांत काढले तर मोदक वरून चकचकीत आणि आतून कच्चे, दाताला लागणारे.

सारणातही घोटाळा होतो. गोठवलेला खवलेला नारळ मिळाला तर उत्तम: दोन वाट्या नारळाला एक वाटी गूळ. सुका कीस असेल तर दोन वाट्या किसाला अर्धी वाटी कोमट दूध लावून वीस मिनिटं ठेवावा, नाहीतर तो सारणातला सगळा ओलावा पिऊन भुश्यासारखा लागतो. गुळाऐवजी ‘हुक सल्तांग’ ही काळी साखर हाताशी येते, पण ती बहुधा कॅरॅमलचा रंग दिलेली साखरच. चव गुळाची नाही, आणि थोडी जास्त शिजली की थंड झाल्यावर खडा होतो. घ्यायचीच तर पाऊण वाटी घ्यावी आणि सारण ओलसर असतानाच उतरवावं. खरं तर गूळ हा एकच जिन्नस घरून नेण्याइतका महत्त्वाचा आहे. वेलदोडा दुसरा.

मोदकपात्र लागत नाही. चुसॉकला तिथे सोंगप्यॉन करतात, तांदळाच्या पिठाच्या पारीत तीळ किंवा डाळ भरून वाफवलेल्या करंज्याच त्या, पारंपरिक पद्धतीत पाइनच्या झाडाच्या सुयांवर वाफवलेल्या. घरात चाळणी आणि सुती फडकं असतंच. फडकं ओलं करून घट्ट पिळून घ्या. २१ कळ्यांच्या मागे लागू नका. या पिठाच्या सात-आठ जाड कळ्या बऱ्या. तेही जमलं नाही तर सोंगप्यॉनसारखा अर्धचंद्र वळावा. घरातली आजी हे काम डोळे मिटून करते, आणि मदत मागितलेली तिला आवडते.

कंदी पेढे, बेदाणे, हळद, कापूर असं खोकं पोस्टाने पाठवायचंय. काय जाईल?
– काका, सांगली

हळद सीलबंद, दळलेली पाठवा. हळकुंड नको, ते वनस्पतीच्या तपासणीत जातं. बेदाणे छापील वेष्टनात, यादीत नाव लिहून. साताऱ्याचे कंदी पेढे मनातून काढून टाका. दूध आणि मांसाचे पदार्थ तिथे प्राणिजन्य मालाच्या तपासणीत येतात. घरगुती डब्यातला पेढा त्यात अडकू शकतो, आणि नाही अडकला तरी प्रवासात आंबतो. कापूर आणि काडेपेटी विमानाच्या टपालात चालत नाही, दोन्ही ज्वालाग्राही. खोबऱ्याच्या वाट्याही नकोत, तेलकट खोबरं आपोआप तापण्याच्या भीतीने धोकादायक मालात धरलं जातं. ताजी पानं, फळं, बी-बियाणं नाही. खसखस अनेक देशांत अंमली पदार्थांच्या कायद्यात सापडते, तेव्हा अनारसे आणि करंजीच्या सारणात ती घालू नये हे बरं.

सीमाशुल्काच्या जाहीरपत्रावर (कस्टम्स डिक्लरेशन) नुसतं ‘फराळ’ किंवा ‘मिठाई’ लिहू नका. प्रत्येक वस्तू, तिचं वजन आणि किंमत इंग्रजीत लिहा. मुलीने आपला वैयक्तिक सीमाशुल्क क्रमांक काढून ठेवावा. तो ‘पी’ या अक्षराने सुरू होतो आणि पुढे १२ आकडे असतात. एकूण किंमत १५० डॉलरच्या आत ठेवावी. चुसॉकच्या आधीचे दोन-तीन आठवडे तिथल्या कुरिअरवर भेटवस्तूंचा डोंगर असतो, गणपतीचं सामान ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातच निघालेलं बरं.

दिवाळीला पणत्या, रांगोळी, चकल्या यातलं काय करता येईल?
– मावशी, कराड

यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे, म्हणजे रजेचा प्रश्न नाही. फ्लॅटमध्ये धूर आणि उष्णता ओळखणारे सेन्सर असतात. चार-पाच पणत्या ताटात पाणी घालून त्यात ठेवाव्यात, पडद्यापासून हातभर लांब, आणि माणूस खोलीत असेपर्यंतच. पणतीत साधं सोयाबीनचं किंवा कॅनोलाचं तेल. कोरियन तिळाचं तेल भाजलेल्या तिळाचं असतं. त्याचा वास घरभर भरतो, आणि ते महागही. अभ्यंगालाही तेच कारण सांगून नको म्हणावं, नाहीतर पोरगी दिवसभर जेवणासारखी दरवळेल.

रांगोळी फरशीवर काढू नये. जमिनीखालून तापवलेल्या फरशीवरच्या लाकडी किंवा व्हिनाइल थराला रंग बसतो. काळ्या पुठ्ठ्यावर पांढरी काढा, उठून दिसते.

तळणाबद्दल आधी विचारावं. शेगडी इंडक्शनची असेल तर आपली अॅल्युमिनियमची कढई तापणारच नाही. बुडाला चुंबक चिकटतो का ते पाहावं. खिडकी उघडी, पंखा चालू आणि एका वेळी अर्धा किलो भाजणीच्या चकल्या, याच्या वर जाऊ नये. वापरलेलं तेल सिंकमध्ये नाही. बऱ्याच वसाहतींत ते गोळा करायचा वेगळा डबा असतो. पहाटे मिक्सर तर मुळीच नाही. वरच्या मजल्याचा आवाज हा तिथल्या शेजाऱ्यांच्या भांडणाचा हुकमी विषय आहे. फटाके विसरा.

घरच्या मोठ्यांना नमस्कार, फुलं, भेटकार्ड यात काही चुकू नये म्हणून?
– एक वाचक, विटा

पांढरी शेवंती नको, ती तिथे अंत्यविधीची. पिवळ्या-केशरी झेंडूला हरकत नाही. भेटकार्डावर कुणाचंही नाव लाल शाईने लिहू नये. जिवंत माणसाचं नाव लाल अक्षरांत अशुभ मानतात. पूर्ण वाकून नमस्कार जिवंत माणसाला एकदाच, दोनदा केला तर तो मृताला. वस्तू दोन्ही हातांनी द्यावी, आणि नग चार नसावेत. स्वस्तिकाची काळजी नको, बौद्ध देवळांवर ते तिथे सर्रास दिसतं. फक्त आपल्या उलट दिशेचं. शाळेत युरोप-अमेरिकेतले सहकारी असतील तर मात्र वर्गात काढू नये.

तिळगूळ तिथे जमेल का?
– आजी, औंध

सगळ्यांत सोपा सण हाच. तीळ तिथल्या स्वयंपाकात रोजचे आहेत, आणि सॉल्लालला तिळाच्या वड्या त्यांच्याकडेही होतात. फक्त पाकिटातले तीळ बहुधा आधीच भाजलेले असतात. पुन्हा भाजले की कडू होतात, नुसते कोमट करावेत. त्यांच्या वडीत तांदळाचा पाक, ‘जोचंग’ असतो. नुसत्या जोचंगात वडी लवचीक राहते, कारण तो पाक स्फटिक धरत नाही. दोन वाट्या तीळ, अर्धी वाटी दाण्याचं कूट, पाऊण वाटी साखर, दोन मोठे चमचे जोचंग, दोन चमचे पाणी. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकल्यावर त्याची घट्ट गोळी झाली की तीळ घालून, तेल लावलेल्या कागदावर लाटायचं आणि कोमट असतानाच कापायचं. गार झाल्यावर सुरी लावली तर तुकडे उडतात.