जुनी कॅम्परव्हॅन घेताना आधी ओल बघ

सांगलीच्या विश्रामबागेतून इथं न्यूझीलंडात ख्राइस्टचर्चला येताय, भाडं वाचवायला सुरुवातीला जुन्या कॅम्परव्हॅनमध्येच, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीतच, राहायचं म्हणताय, तर घेताना काय बघू, असं तू विचारलंयस. बजेट कमी आहे ना, मग इंजिनाच्या आधी ओल बघ. इंजिनाचं दुखणं कुठलाही मेकॅनिक सांगेल. पॅनेलमागं कुजलेलं प्लायवूड विकणारा सांगत नाही.

पुरात बुडालेली गाडी कशी धुऊनपुसून विकायला येते, हे 2019 नंतर सांगलीकराला काय सांगायचं! इथंही 2023 च्या जानेवारीत ऑकलंडला पूर आला, पाठोपाठ फेब्रुवारीत गॅब्रिएल चक्रीवादळ. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ. टोकाला गाळाची रेघ दिसली की नमस्कार करून निघ. मग खिडकीखाली आणि छताच्या झरोक्याभोवती अंगठ्यानं दाबत जा. मऊ लागलं तर निम्म्या किमतीतही नको. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी बघायला गेलास तर उत्तम. आत एअर फ्रेशनरचा घमघमाट असला की मला तरी शंका येते.

वॉरंट ऑफ फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित असल्याचा दाखला, विकताना साधारणपणे महिन्याच्या आतलं लागतं, पण त्यावर विसंबू नको. त्यात ब्रेक, टायर, लाइट, गंज बघतात. इंजिन किती दमलंय ते नाही. वेगळ्या तपासणीला पैसे घाल. गाडीवर कर्ज आहे का ते पीपीएसआरवर, म्हणजे तारण-कर्जाच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, बघ. डिझेल असेल तर रस्त्याचा कर किलोमीटरवर आगाऊ भरतात. कर कुठवर भरलाय तो लेबलवरचा आकडा मीटरशी ताडून घे, नाहीतर आधीच्याची थकबाकी तुझ्या गळ्यात.

फुकटच्या जागी मुक्काम करायचा तर बहुतेक ठिकाणी सेल्फ-कंटेन्डचं, म्हणजे पाणी-संडासाची सोय गाडीतच असल्याचं, हिरवं वॉरंट लागतं. त्यासाठी संडास पक्का बसवलेला हवा, पलंग टाकल्यावरही वापरता आला पाहिजे, आणि माणशी 12 लिटर, म्हणजे तीन दिवसांचं पाणी मावलं पाहिजे. ‘नंतर बसवून घ्या’ म्हणणाऱ्याला तो खर्च किमतीतून वजा करायला लाव.

गॅरेजला गाडी सोडून चहाला जायची आपली सवय इथं परवडत नाही, मजुरी तासावर असते. छताचे सांधे स्वतः भर: जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढ, स्पिरिटनं पूस, कोरड्या दिवशी पॉलियुरेथेन सीलंट लाव. जुन्या सिलिकॉनवर नवा थर धरत नाही, पहिल्याच पावसात सुटतो. गॅस आणि 230 व्होल्टच्या वायरिंगला मात्र हात लावू नको, त्याला लायसन्सवाला माणूसच हवा. कॅम्पसाइटची वीज जोडायची तर इलेक्ट्रिकल वॉरंटही लागतं. ते चार वर्षं चालतं.

तुम्ही जुलैत उतरताय, म्हणजे इथल्या ऐन थंडीत. पारा रात्री शून्याखाली जातो, पत्र्याच्या गाडीत आतून पाणी सुटतं. सप्टेंबरपर्यंत एखादी खोली बघा. गाडी मात्र थंडीतच घ्या, तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं. ऑक्टोबरपासून पर्यटक यायला लागले की विकणारा घासाघीस ऐकून घेत नाही.