चेहरा राहू दे सध्या

अगं,

रात्री दीडला पाठवलेले फोटो सकाळी चहा घेताना बघितले. नऊच्या नऊ पोर्ट्रेट्स गेलेल्या दादाच्या त्या एकाच फोटोवरून, लग्नातला आहे ना तो, फेटा बांधलेला, आणि खाली तू लिहिलंयस की सर एकही जमलं नाही, मी त्याचा चेहरा विसरत चाललेय का. विसरत बिसरत काही नाहीयेस. फोटोवरून काढलं की फोटोच उतरतो कागदावर, त्यात फ्लॅशने नाक सपाट झालेलं, ओठ फोटोग्राफरने सांगितल्यावर हसतात तसे, आणि तू तीन आठवडे त्या सपाट नाकाशी भांडतेयस. ते कसं जमणार?

मी हेच केलंय म्हणून सांगतोय. माझी बायको, तुमची काकू, गेल्यावर दोन महिन्यांत मी तिचा बस्ट, म्हणजे छातीपर्यंतचा पुतळा, करायला घेतला, आयुष्यभर लोकांच्या वडिलांचे, पुढाऱ्यांचे पुतळे केले, म्हटलं हिचा तर डोळे मिटून करीन. माती लावली, पासपोर्ट साईझ फोटो मोठा करून समोर चिकटवला, प्लास्टरमध्ये कास्टपण केला. शेजारच्या वहिनी आल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, छान झालाय, कुणाची ऑर्डर आहे? तीस वर्षं तिच्या हातचा चहा प्यायलेली बाई! तो बस्ट अजून कपाटामागे आहे, भिंतीकडे तोंड करून.

आता एका बाईची गोष्ट सांगतो, वर्गात मी तिचं नाव घ्यायचो पण तेव्हा तुम्ही सगळे मोबाईलमध्ये. केथे कोलविट्झ, जर्मन चित्रकार आणि शिल्पकार, बर्लिनला राहणारी, नवरा डॉक्टर, कामगार वस्तीत दवाखाना. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा धाकटा मुलगा पीटर १८ वर्षांचा, सैन्यात जायचंय म्हणून हटून बसला, वय कमी म्हणून वडिलांची परवानगी लागत होती आणि वडील नाही म्हणत होते. नवऱ्याला राजी केलं ते हिनेच. ऑक्टोबर १९१४ मध्ये पोरगा बेल्जियममध्ये मारला गेला, आघाडीवर जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. हे मुद्दाम सांगतोय. दादा गेला त्या रात्री तू त्याला स्टँडवर घ्यायला बोलावलंस हे तू मला एकदाच सांगितलंस आणि लगेच विषय बदललास, पण माझ्या लक्षात आहे. ते ओझं घेऊन या बाईने काम कसं केलं ते बघ.

त्याच डिसेंबरात तिने स्मारकाचं मनावर घेतलं. पहिली कल्पना आपल्याला कुणालाही सुचेल तीच, मुलगा आडवा पडलेला, आईबाप जवळ. वर्षानुवर्षं त्यावर खपली, जमेना, १९१९ मध्ये सोडून दिलं. आणि गंमत बघ, मेलेलं मूल काढायला ती काही नवीन नव्हती, १९०३ मध्येच तिने मेलेल्या मुलाला कवटाळून बसलेल्या आईचं एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र, केलं होतं, त्यात मॉडेल कोण तर सात वर्षांचा पीटरच, त्याला मांडीवर घेऊन आरशात बघून स्वतःला काढलेलं. एवढा हात तयार असलेल्या बाईचंही अडलं, तर तुझे तीन आठवडे म्हणजे काय गं. मधल्या काळात ती गप्प बसली नाही, लाकूड कोरून युद्धावरचे सात ठसे केले, पोस्टर्स केली. मग काही वर्षांनी स्मारकाकडे परत आली आणि ते १९३२ मध्ये बेल्जियममधल्या सैनिकांच्या दफनभूमीत उभं राहिलं. म्हणजे पीटरचं जेवढं वय तेवढीच वर्षं जवळजवळ त्या कामाला लागली.

आणि त्यात पीटर नाहीये! फक्त आईबाप आहेत. दोन वेगवेगळ्या चौथऱ्यांवर गुडघे टेकून, मध्ये जागा मोकळी, बाप ताठ, हाताने स्वतःलाच घट्ट आवळून धरलंय, आई पार वाकलेली. बापाला तिच्या नवऱ्याचा चेहरा आहे, आईला तिचा स्वतःचा. मी फोटोतच बघितलंय, प्रत्यक्ष जाणं काही झालं नाही, पण पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझी नजर सारखी त्या मधल्या मोकळ्या जागेवरच जात होती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की दादाचा चेहरा राहू दे सध्या. घरात जे उरलेत त्यांना काढ. आई ओट्याशी उभी असेल तेव्हा पाठमोरी काढ, तिला कळूसुद्धा देऊ नकोस. बाबा हल्ली टीव्ही लावून म्यूट करून बसतात म्हणालीस ना, ते बसणं काढ, खांदे कुठे आलेत, मान किती पुढे गेलीय, हात कुठे ठेवलेत. दोन-दोन मिनिटांची स्केचेस, चारकोलने, ब्राऊन पेपरवर, महाग कागद अजिबात नको, महाग कागदावर माणूस घाबरून काढतो. खोडरबर घेऊ नकोस, चुकलं तर जुन्या कापडाने पुसून त्याच्यावरच परत काढ, मागची रेघ थोडी दिसत राहते, दिसू दे. आणि दादाच्या वस्तू. हेल्मेट नको इतक्यात, चपला काढ, कुठल्या बाजूने झिजल्यात ते नीट बघून काढ. मी काकूचा पोळपाट काढला होता, मधे खोलगट झालेला, तो एक कागद मात्र मी कुणालाही देणार नाही.

चित्रांचे पंधराएक दिवस झाले की माती. शाडू घे, प्लॅस्टिसिन, ती तेलकट तयार माती, नको, ते कधीच वाळत नाही त्यामुळे त्याची काळजीही घ्यावी लागत नाही, आणि मला तर तुला ती काळजीच घ्यायला लावायचीय. शाडूचं तसं नाही, रोज रात्री ओलं फडकं गुंडाळायचं, वर प्लॅस्टिक, सकाळी उघडून पाणी मारायचं, एक दिवस विसरलीस तर कानाकोपऱ्यात तडे. काकू गेल्यावर सकाळी उठायचं कशाला हेच कळत नव्हतं मला, तेव्हा ते फडकं ओलं करायचंय म्हणून उठायचो, खरंच सांगतो, बाकी कारण नव्हतं. वीतभर उंचीचंच कर म्हणजे आत आर्मेचरची, म्हणजे आधाराच्या सांगाड्याची, भानगड नको. हात करून बघ, आईचे किंवा तुझेच. भरीव झालं तर थोडं घट्ट झाल्यावर तारेने कापून आतून पोकळ कर, नाहीतर वाळताना फुटेल. आणि फुटलं तरी भिजव, परत मळ, शाडूला काही होत नाही. मातीत रडू आलं तर येऊ दे, फक्त डोळ्याला माती लावू नकोस, चुरचुरतं जाम.

स्टेटसला टाकू नकोस हे आत्ता. लोक हात जोडलेले आणि बदाम पाठवतात, चांगल्या मनानेच पाठवतात, पण मग पुढचं चित्र काढताना ते बदाम डोक्यात बसतात. आईला मात्र दाखव कधीतरी, तिने मागितलं तर.

आणि हे कान देऊन ऐक. चित्र काढून सगळं बरं होतं असं मी कुठेही म्हटलेलं नाही. झोप येतच नसेल, जेवण जात नसेल, नको ते विचार येत असतील तर डॉक्टरकडे जायचं, रात्रीबेरात्री टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं. मीही गेलो होतो डॉक्टरकडे, सहा महिने गोळ्या घेतल्या, पुतळेही केले. दोन्ही चालतं.

रविवारी दहापर्यंत ये. पाच किलो शाडू भिजत घातलाय तुझ्या नावाने, पोहे इथेच खा. जुना ड्रेस घाल, नखं काप, आणि तो फेट्याचा फोटो घरीच राहू दे.