ट्रॉली घरी बांधायची, की हप्त्यावर घ्यायची?

प्रश्न थोडक्यात असा: चांदवड तालुक्यातल्या वाचकाकडे मिनी ट्रॅक्टर आहे, ट्रॉली नाही. वर्षाला 22 फेऱ्या भाड्याने होतात, फेरीला 900 रुपये. नवी ट्रॉली 1,25,000 ला मिळते; 35,000 रोख आणि 90,000 कर्ज, 24 महिने. घरी बांधली तर 38,000 त होईल असा त्यांचा अंदाज; त्यात लोखंड 200 किलो, 65 रुपये भावाने, आणि मजुरी 8,000. हाताशी 45,000 आहेत, अडीअडचणीची शिल्लक वेगळी. दुधाचे पैसे येतात, त्यातून महिन्याला साडेचार हजार निघतात.

आधी तुमचा 38,000 चा हिशेब. लोखंड तुम्ही 200 किलो धरलंय, ते पुरणार नाही. आठ बाय पाच फुटांच्या ट्रॉलीला 75 मिमीचा चॅनेल (सांगाड्याची लोखंडी पट्टी) दांडीसकट, म्हणजे ट्रॅक्टरला जोडायच्या पुढच्या भागासकट, 56 फूट लागतो, म्हणजे सुमारे 122 किलो. तळाचा 3 मिमी पत्रा 87 किलो, दीड फुटी फाळक्यांचा (बाजूच्या भिंतींचा) 2 मिमी पत्रा 57 किलो, वर अँगल आणि कटाई-तुटाई. 310 किलो धरा. तुमच्याच 65 रुपये भावाने ते 20,150 होतात. जुना अ‍ॅक्सल 9,000 ला मिळेल, पण बेअरिंग आणि सील बदलायला 1,800 ठेवा. टायर 6,000, हूक-पिन-साखळी 2,500, मजुरी आठ नव्हे बारा हजार, रंग-दिवे-रिफ्लेक्टर 4,000. बेरीज 55,450. दहा टक्के वरखर्च धरला की 61,000.

काटकसर कुठे करायची नाही, तेही सांगतो. अ‍ॅक्सल आणि हूक. अ‍ॅक्सल बॉडीच्या बरोबर मध्यावर बसवला आणि मागे चार गोण्या जास्त पडल्या, तर दांडी वर उचलते आणि मिनी ट्रॅक्टरची मागची चाकं जमीन सोडू लागतात. चार फुटी दांडी असेल तर अ‍ॅक्सल मध्यापासून फूटभर मागे घ्या. भार सारखा पसरला तर साधारण 11 टक्के वजन हुकावर येतं. जुना अ‍ॅक्सल घेण्याआधी चाक वर उचलून टायर वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर बेअरिंग गेलंय.

पण 61,000 हाही खरा आकडा नाही. मोटार वाहन कायदा 1988 ट्रेलरलाही वाहनच मानतो, त्यामुळे रस्त्यावर नेण्यासाठी नोंदणी आणि विमा लागतो. नोंदणीला विक्री प्रमाणपत्र (नमुना 21) आणि उत्पादकाचा नमुना 22 (वाहन रस्त्यायोग्य असल्याचा दाखला) मागतात. घरी बांधलेल्या ट्रॉलीचा उत्पादक कोण? तुमची बाजार समिती 14 किलोमीटरवर, तीही राज्य महामार्गाने. बिनकागदाच्या ट्रॉलीने कुणाला धक्का लागला तर भरपाई तुमच्या सातबाऱ्यापर्यंत येऊ शकते. शिवाय अशी ट्रॉली विकायला काढली तर भंगाराचाच भाव. बांधावरून शेणखत न्यायला ठीक, बाजाराला नाही.

कर्जाचंही बघा. 18 टक्के घटत्या शिलकीवर (फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज) हप्ता 4,493, व्याज 17,800 च्या वर. विक्रेता '12 टक्के फ्लॅट' (दोन्ही वर्षं पूर्ण 90,000 वर व्याज) म्हणाला तर ते स्वस्त समजू नका: हप्ता 4,650 पडतो आणि खरा दर साडेएकवीसच्या आसपास जातो. वर्षाला 19,800 भाडं वाचवण्यासाठी एकूण 1,42,800 मोजायचे, म्हणजे वसुलीला सात वर्षं. मी घेणार नाही.

माझं मत: तोच साडेचार हजारांचा हप्ता सहा महिने स्वतःच्या आवर्ती ठेवीत भरा. 27,000 आणि हातचे 45,000 मिळून 72,000. तोवर भाड्याची ट्रॉली चालू द्या. मग आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) असलेली जुनी ट्रॉली शोधा. टायर आणि नावावर करून घेण्याच्या खर्चापुरते आठ-दहा हजार राखून सौदा 62,000 च्या आत बसवा. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत दाखला) आणि बोजा उतरवण्याचा नमुना 35, नावासाठी नमुना 29 आणि 30 विक्रेत्याच्या सहीसह हातात घ्या. चेसिस नंबरवर ताजा रंग दिसला तर पॉलिश पेपरने घासून आरसीशी ताडून पाहा. जुळला नाही तर इसारही देऊ नका.