प्रवेशाची पावती फाडण्याआधी

पुणे

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

बारावी कला शाखेतून झालीस, घरात फीची ऐपत बेताची आहे आणि शिकायचं ते रुग्णसेवेचंच, हे तुझ्या पत्रातून कळलं. सोबतची तिन्ही माहितीपत्रकं वाचली. "सहा महिन्यांत नर्स, नोकरीची हमी" असं लिहिलेलं पत्रक आधी बाजूला ठेव. सहा महिन्यांत कोणी नर्स होत नाही. नर्स म्हणून काम करायला महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नाव लागतं. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका), जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवायफरी) किंवा बीएस्सी नर्सिंग यांपैकी एक पूर्ण केल्याशिवाय ते लागत नाही. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन आणि बीएस्सी चार. बीएस्सीला बारावीत विज्ञान हवं. जीएनएम कला शाखेलाही चालतं. किमान ४० टक्के लागतात आणि इंग्रजीचे गुण वेगळे बघतात. तुझ्यासाठी जीएनएमच योग्य.

सहा महिन्यांच्या कोर्सला मी कमी लेखत नाही. तो जनरल ड्युटी असिस्टंटचा, म्हणजे रुग्णाच्या सहायकाचा: रुग्णाची अंघोळ, कूस बदलणं, बेडपॅन, भरवणं. हे कष्टाचं आणि मोलाचं काम आहे. पण सहायकाचं प्रमाणपत्र देऊन नर्सिंगएवढी फी घेणं ही फसवणूकच, आणि अशा पाट्या शहरात पुष्कळ लागतात. म्हणून प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचार: "शिकून झाल्यावर माझं नाव कोणत्या परिषदेत नोंदलं जाईल?" सरळ उत्तर आलं नाही तर पुढचं बोलणं नको. उत्तर आलं तरी परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीत संस्थेचं पूर्ण नाव, पत्ता, कोर्स आणि मंजूर जागा ताडून बघ. एका ट्रस्टच्या दोन शाखा असतात. एकीला मान्यता असते आणि मुली दुसरीत बसतात. मान्यतेचं पत्र चालू शैक्षणिक वर्षाचं आहे का, तेही पाहा. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं पत्र बहुधा जुनं असतं.

तिसऱ्या पत्रकातला लॅब टेक्निशियनचा कोर्स परराज्यातल्या विद्यापीठाचं "अभ्यासकेंद्र" चालवतंय. रक्त काढणं आणि नमुने तपासणं घरबसल्या येत नाही, आणि अशा पदविकेवर आपल्या राज्यात नोंदणी करताना मुलं अडकतात. तो विचार सोड.

आता खरी गोष्ट. नर्सिंग स्कूल निवडायचं म्हणजे त्याच्यामागचं रुग्णालय निवडायचं. वर्ग चकचकीत असतील, पण हात वॉर्डातच तयार होतो. जीएनएमसाठी संस्थेचं स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय अपेक्षित असतं, आणि एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण असा हिशेब धरतात. खाटा मोजू नकोस, भरलेल्या खाटा मोज. वर्गाला ४० मुली म्हणजे तीन वर्षांच्या १२०. रुग्णालयात ६० रुग्ण असतील तर एका खाटेभोवती दोन जणी उभ्या राहतात आणि इंजेक्शन एकच जण देते.

कामाच्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास, पाळी बदलताना जा. कार्यालयात बसू नकोस. गेटबाहेर चहाच्या टपरीवर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुली भेटतील, त्यांना विचार: सलाईन स्वतः लावलंस का? प्रसूती किती पाहिल्यास, किती स्वतः हाताळल्यास? रात्रपाळीला वॉर्डात शिकवायला कोणी असतं की तुम्हालाच कामाला जुंपतात? मानसोपचाराची ड्युटी कुठे असते? पुण्यात त्यासाठी येरवड्याचं मनोरुग्णालय आहे. तिथे नेणारी बस संस्थेची की भाडं मुलींच्या खिशातून? या मुली जेवढं खरं सांगतील तेवढं कोणताही समुपदेशक सांगणार नाही.

फीचं म्हणशील तर पहिल्या वर्षाचा आकडा फसवा असतो. तिन्ही वर्षांचा एकूण खर्च लेखी माग: शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा, गणवेश, वसतिगृह, मेस, अनामत, बस. पैसे ट्रस्टच्या खात्यावर भर आणि पावती घे. पावतीशिवाय रोख एक रुपयाही देऊ नकोस. मूळ गुणपत्रिका पडताळणीला दाखव, पण ठेवून घेऊ देऊ नकोस. मध्येच सोडावं लागलं तर ती अडकवून उरलेल्या वर्षांची फी मागतात.

जिल्हा रुग्णालयांना जोडलेल्या सरकारी नर्सिंग स्कूलचा अर्ज आधी भर. तिथली फी खूपच कमी असते, वॉर्ड भरलेले असतात. जागा मात्र मोजक्या. खासगीत गेलीस तर व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेऊ नकोस, शिष्यवृत्ती बहुधा त्याच जागी बुडते. सरकारी शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर संस्थेचं आणि कोर्सचं नाव दिसतं का, तेही पाहून घे. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला, अधिवास आणि आधारशी जोडलेलं बँक खाते आत्ताच तयार ठेव. तहसीलच्या दाखल्याला वेळ लागतो आणि प्रवेशाची मुदत थांबत नाही. कर्जाचा विचार असेल तर बँकेत कोर्सचं नाव सांगून बघ. मान्यता नसलेल्या कोर्सला बँक सहसा शैक्षणिक कर्ज देत नाही, म्हणजे पडताळणीही फुकटात होते.

आणखी एक, जे पत्रकात कुठेच नसतं. हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ, तिच्या लसीचे तीन डोस लागतात: पहिला आज, दुसरा एका महिन्यानं, तिसरा सहाव्या महिन्यात. वापरलेली सुई चुकून स्वतःला टोचण्याचे प्रकार नवख्या हातांकडूनच जास्त होतात. संस्था लस देते का ते विचार, पण तिच्यावर थांबू नकोस. पहिला डोस याच आठवड्यात घे आणि लसीकरणाचं कार्ड गुणपत्रिकेच्या फाइलमध्येच ठेव.

कळावे,
तुझी हितचिंतक