रत्नागिरीत राहून लोकांचे पैसे गुंतवून देण्याचा व्यवसाय करता येतो का? त्यासाठी पीएमएसचा (पोर्टफोलिओ मॅनेजमेंट सर्व्हिस, म्हणजे ग्राहकाच्या वतीने त्याची गुंतवणूक सांभाळण्याची सेवा) परवाना लागतो का?

हो, करता येतो, आणि सुरुवातीला पीएमएसच्या वाटेला जायची गरजच नाही. पोर्टफोलिओ मॅनेजर व्हायचं तर सेबीकडे (शेअर बाजाराची नियामक संस्था) नोंदणी आणि ५ कोटींचं नेटवर्थ (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) लागतं, शिवाय प्रत्येक ग्राहकाची गुंतवणूक किमान ५० लाखांची हवी. त्यापेक्षा म्युच्युअल फंड वितरक म्हणून उभे राहा. एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची व्ही-ए ही वितरकांची परीक्षा द्या (१०० प्रश्न, दोन तास, ५० टक्क्यांना पास), मग म्युच्युअल फंड कंपन्यांची संघटना असलेल्या अ‍ॅम्फीकडून एआरएन हा वितरकाचा नोंदणी क्रमांक घ्या. मी हेच काम इथे करतो, म्हणून सांगतो: परीक्षेपेक्षा आपल्याकडच्या पैशाची चाल समजणं जास्त महत्त्वाचं आहे. वाशीच्या घाऊक बाजारातून आंब्याची पट्टी (विक्रीचे पैसे) येते ती हंगामात, एकदम. यांत्रिक होडीवाल्यांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. अशा घराला पगारदारासारखी दरमहा बँकेतून एसआयपी (ठरावीक रकमेची नियमित गुंतवणूक) लावून दिली तर पावसाळ्यात हप्ते चुकायला लागतात. हंगामाची रक्कम आधी लिक्विड फंडात (कमी जोखमीचा, लवकर पैसे काढता येणारा फंड) ठेवायची आणि तिथून एसटीपीने (एका फंडातून दुसऱ्यात ठरावीक रक्कम आपोआप वळवण्याची सोय) दरमहा थोडी थोडी इक्विटी फंडात, म्हणजे शेअरमध्ये गुंतवणाऱ्या फंडात वळवायची. घरखर्च आणि पुढच्या फवारणीचे पैसे मात्र आधीच बाजूला काढायला लावा. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: वितरकाला स्वतःला ‘गुंतवणूक सल्लागार’ म्हणवता येत नाही, त्याची सेबीकडे वेगळी नोंदणी असते. आणि ग्राहकाचा एक रुपयाही स्वतःच्या खात्यात घ्यायचा नाही, शेजारी असो की सख्खा मामा.