लातूरमध्ये राहून जुने ज्यूकबॉक्स गोळा करून दुरुस्त करण्याचा छंद जमेल का?

तुम्ही विचारलंय की परदेशी व्हिडिओंत दिसतात तसे जुने ज्यूकबॉक्स, म्हणजे नाणं टाकलं की निवडलेली रेकॉर्ड वाजवणाऱ्या पेट्या, मिळवायचे, उघडायचे आणि पुन्हा गाते करायचे, हे लातूरसारख्या ठिकाणी राहून शक्य आहे का, आणि सुरुवात कुठून करावी. घरचे ‘भंगार कशाला आणतोस’ म्हणतात, तेही लिहिलंय.

जमेल. मी जालन्यात राहून हेच करतो. मशीन मिळवणं अवघड आहे, ते मान्य. पण मिळालेलं मशीन दुरुस्त करायला मराठवाड्याइतकी सोयीची जागा क्वचितच असेल, असं माझं ठाम मत आहे. कारण सांगतो.

ज्यूकबॉक्समध्ये निम्म्याहून जास्त काम लोखंडाचं, तारेचं आणि लाकडाचं असतं. आपल्याकडे विहिरीवरच्या नाहीतर बोअरच्या मोटारी कायम जळतात, त्यामुळे प्रत्येक तालुक्याच्या गावी मोटारी भरून देणारे, म्हणजे आत नवी तार गुंडाळून देणारे, कारागीर आहेत. पाच एचपीची मोटार भरणाऱ्या माणसाला ज्यूकबॉक्सची मुठीएवढी मोटार आधी खेळणं वाटते, पण एकदा समजावून सांगितलं की तो जीव लावून काम करतो. त्याला एवढंच सांगायचं: जुनी तार कापण्याआधी वेढे मोज, तारेचा गेज मोज, कागदावर लिहून ठेव. छत्रपती संभाजीनगरला वाळूज आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीत, जालन्यात, तुमच्या लातूरलाही लेथवाले आहेत. झिजलेलं पितळी बुश (दांड्याभोवतीचं कडं) किंवा पिन असं काहीही नमुना दाखवून करून मिळतं. चमकणाऱ्या पट्ट्यांना बफिंग आणि क्रोम करणारे आहेत. फुटलेल्या रंगीत प्लास्टिकसाठी दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्याकडे जा. अ‍ॅक्रिलिक शीट गरम करून वाकवणं त्याच्या रोजच्या कामातलं आहे. परदेशातले छंदिष्ट असे सुटे भाग कॅटलॉगमधून मागवतात. आपल्याला ते समोर बसून करून घेता येतात, आणि त्यातली मजा मला जास्त वाटते.

आता मशीनबद्दल, म्हणजे तुम्ही नेमकं काय शोधताय ते कळेल. नाणं टाकून गाणं ऐकायची पहिली पेटी १८८९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दारूच्या गुत्त्यात लुई ग्लास यांनी बसवली. तिला स्पीकर नव्हता, कानाला नळी लावून ऐकावं लागे. व्हिडिओंत सगळ्यात जास्त दिसतो तो कमानीसारखा, रंगीत नळ्यांतून बुडबुडे वर चढणारा ज्यूकबॉक्स म्हणजे वुर्लिट्झर १०१५. पॉल फुलर यांनी तो आखला, १९४६ साली तो बाजारात आला आणि ५६ हजारांहून जास्त विकला गेला. त्यात ७८ गतीच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, फक्त २४ तबकड्या बसतात. पुढे सीबर्ग कंपनीने १९४८ मध्ये पन्नास तबकड्या उभ्या रांगेत ठेवून दोन्ही बाजू वाजवणारं, म्हणजे शंभर गाण्यांचं मशीन काढलं. १९४९ मध्ये ४५ गतीची छोटी रेकॉर्ड आली आणि पुढच्याच वर्षी सीबर्गने ती वाजवणारा ज्यूकबॉक्स आणला. तेव्हापासून ज्यूकबॉक्स म्हणजे पंचेचाळीसच्या रेकॉर्डी हे समीकरण बसलं.

वुर्लिट्झर १०१५ च्या मागे लागू नका. अस्सल असेल तर परवडत नाही, आणि १९८६ पासून जर्मनीत त्याची नक्कल निघाली, ती दुरून ओळखू येत नाही. त्यातली काही मशीन सीडी वाजवतात. शिवाय हल्ली ब्लूटूथ आणि एलईडी लावलेली नवी खोकी ‘विंटेज’ म्हणून विकली जातात. मागचं झाकण उघडून तबकड्यांची रांग आणि ती उचलणारा हात दिसल्याशिवाय पैसे देऊ नका.

भारतात ज्यूकबॉक्स मुख्यतः मुंबईत होते, काही इराणी हॉटेलांत, काही क्लबांत. मराठवाड्यातल्या हॉटेलांत रेडिओ वाजायचा. माझ्याकडचा रॉक-ओला कंपनीचा ज्यूकबॉक्स १९६० च्या दशकातला आहे आणि मुंबईतल्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून भंगारात निघालेला आहे. अशा वस्तूंसाठी मुंबईचा चोर बाजार आणि हैदराबादचा जुमेरात बाजार, या दोन ठिकाणी ओळखी वाढवा. देवगिरी एक्सप्रेस जालना, परभणी, नांदेड करत ही दोन्ही टोकं जोडते, म्हणून आपण मराठवाड्यातले लोक मधोमध आहोत. मशीन मात्र रेल्वेने आणायच्या भानगडीत पडू नका. वजन दीडशे किलोच्या आसपास असतं. छोटा टेम्पो करा, आतल्या रेकॉर्डी आणि रेकॉर्ड उचलणारी यंत्रणा आधी काढून किंवा बांधून घ्या, आणि पेटी उभीच आणा. परदेशातून मागवायचं मनात असेल, तर वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवर निर्बंध आहेत. विकणाऱ्याला पैसे पाठवण्याआधी कस्टम एजंटशी बोला.

आणि शक्य असेल तर युरोपात वापरलेलं मशीन बघा. हे मी आवर्जून सांगतो, कारण विजेचा मुद्दा जवळपास कुणी समजावून सांगत नाही. जुनी अमेरिकन मशीन ११७ व्होल्ट आणि ६० हर्ट्झच्या विजेसाठी बांधलेली, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावला की व्होल्टेजचं काम होतं, हर्ट्झ तेच राहतात. ज्यूकबॉक्सची मोटार हर्ट्झवर, म्हणजे वीज सेकंदाला जितकी आवर्तनं घेते त्यावर, फिरते. म्हणजे ४५ गतीची रेकॉर्ड आपल्याकडे साडेसदतीसने फिरते आणि ७८ ची पासष्टने. नुसतं गाणं मंद होत नाही, सूरही उतरतो. हार्मोनियमवर बोट ठेवून बघा, काळी चारमधलं गाणं पांढरी चारच्या जवळ येऊन बसतं. लताबाईंचा आवाज भलत्याच बाईचा वाटायला लागतो.

उपाय आपल्या लेथवाल्याकडेच आहे. मोटारच्या दांड्यावरचं पितळी बुश रबरी चाकाला फिरवतं आणि ते चाक रेकॉर्डीखालच्या फिरत्या थाळीला, अशी रचना असेल तर बुशचा व्यास एक पंचमांशाने वाढवायचा. पाच मिलिमीटरचं असेल तर सहा. बुश मध्यावर नीट केंद्रात हवं, केसभर जरी हललं तरी आवाज लाटेसारखा वरखाली होतो. चांगला टर्नर निवडा आणि घाई करू नका. मूळ बुश कापसात गुंडाळून पेटीच्या आतच ठेवा. मूळ भाग फेकायचा नाही, हा माझा नियम आहे, कारण आपल्यानंतरही कुणीतरी ही पेटी उघडणार आहे. आणखी एक, ६० हर्ट्झसाठी बांधलेला आतला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो, म्हणून मी त्याला पूर्ण ११७ न देता १०५ व्होल्टच्या आसपास ठेवतो.

आपल्या गावांत दुसरी अडचण म्हणजे व्होल्टेजचा खेळ. दिवसा शेतातल्या मोटारी चालू असताना ते पडतं, मोटारी बंद झाल्या की चढतं. अ‍ॅम्प्लिफायरमधल्या जुन्या व्हॉल्व्हची, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांची, फिलामेंट चढलेल्या व्होल्टेजने लवकर जाते. सर्वो स्टॅबिलायझरचा खर्च पहिल्याच यादीत धरा.

मशीन घरी आलं की प्लग लावायची अनावर इच्छा होईल. लावू नका. अ‍ॅम्प्लिफायरमधले कागदी कंडेन्सर (कंडेन्सर म्हणजे वीज साठवणारा भाग) इतक्या वर्षांनी गळके झालेले असतात, मोठे इलेक्ट्रोलिटिक सुकलेले असतात, आणि थेट वीज दिली तर ते ट्रान्सफॉर्मरला सोबत घेऊन जातात. आधी सगळे कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदला. मग पहिला करंट सिरीज बोर्डमधून द्या, वायरमन वापरतात तोच, शंभर वॉटचा पिवळा बल्ब लावलेला. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर पुढे जा, भगभगीत जळत राहिला तर आत शॉर्ट आहे. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये साठून राहतात. हे काम एकट्याने करू नका. गावातला जुना रेडिओ मेकॅनिक शोधा. व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केलेली ती पिढी अजून आहे, त्यांना पुन्हा सोल्डरिंग गन हातात घ्यायला फार आवडतं, आणि त्यांच्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने व्हॉल्व्ह डब्यात पडलेले सापडतात. अमेरिकन मशीनमध्ये ६एल६ व्हॉल्व्ह पुष्कळदा असतो. तो आजही नवा बनतो, त्याची चिंता नको.

यंत्रणा अडली असेल तर ती मोडलेली आहे असं लगेच समजू नका. बहुतेक वेळा जुनं ग्रीस वाळून लाखेसारखं घट्ट झालेलं असतं. दात्यांवर जोर लावला तर मऊ धातूचे दाते तुटतात आणि मग खरंच मोडतं. सुटं करून रॉकेलने धुवा, पूर्ण वाळवा, आणि अगदी थोडं नवं तेल योग्य ठिकाणी. सुटं करताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा.

हवेचं म्हणाल तर मुंबईत गंज खातो तसा आपल्याकडे खात नाही, ही मोठी कृपा आहे. लाकडाला मात्र आपला उन्हाळा सोसत नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या उष्णतेत विनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर, सुटतं, फुगतं. चांगल्या सुताराकडून ते चिकटवून घ्या आणि स्पिरिटमध्ये चपडा लाख विरघळवून केलेलं जुन्या पद्धतीचं पॉलिश द्या, चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश नको. ७८ च्या तबकड्याही त्याच लाखेच्या, उन्हात मऊ पडून वाकतात. पत्र्याच्या खोलीत मशीन किंवा रेकॉर्डी अजिबात ठेवू नका. गावाकडे माळवदाचं घर असेल तर त्याचा गारवा रेकॉर्डींना उत्तम, फक्त वरून माती झडते म्हणून जाड कापड टाकून ठेवा आणि उंदरांचा बंदोबस्त करा. तारांवरचं जुनं आवरण त्यांना आवडतं.

रेकॉर्डी कुठून आणायच्या? इथे आपण श्रीमंत आहोत. लग्नात, जत्रेत, उरुसात कर्णे बांधून गाणी लावणारे लाऊडस्पीकरवाले प्रत्येक गावात होते. त्यांच्या ट्रंका अजून माळ्यांवर आहेत. त्यात सिनेमाची गाणी तर आहेतच, शिवाय कव्वाल्या, भीमगीतं, प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीतं, लोकनाट्यं. या ट्रंका मिळवण्याला मी मशीन मिळवण्याइतकंच महत्त्व देतो, कारण ही गाणी कोणत्या मांडवात वाजत होती ते सांगणारी माणसं आता म्हातारी झालीत. रेकॉर्ड घ्याल तेव्हा त्यांच्याशी बोला, लिहून घ्या.

भारतीय ४५ च्या बहुतेक रेकॉर्डींना मधलं भोक बारीक असतं, अमेरिकन ज्यूकबॉक्सला मात्र दीड इंचाचं, म्हणजे ३८ मिलिमीटरचं लागतं. भोक मोठं करायचा पंच लेथवर करून घेता येतो. तरी एकच प्रत असलेल्या रेकॉर्डीला हात लावू नका, दुसरी प्रत मिळेपर्यंत थांबा. आपल्या ईपीत, म्हणजे जास्त गाणी भरलेल्या ४५ च्या छोट्या रेकॉर्डीत, एका बाजूला पुष्कळदा दोन गाणी असतात, त्यामुळे एका नाण्यात दोन गाणी वाजतात. पाहुण्यांना हे फार आवडतं.

नाण्यांचंही सांगून टाकतो, कारण हा प्रश्न तुम्हाला पुढे पडणारच. अमेरिकन मशीनमध्ये खोटं नाणं पकडायला चुंबक असतो. तिकडची नाणी त्याला चिकटत नाहीत, लोखंडी चकती चिकटते. आपलं स्टीलचं रुपयाचं नाणंही त्याला चिकटतं, म्हणून मशीन ते खोटं समजून अडवून धरतं. चुंबक काढण्यापेक्षा फ्री-प्लेची जोडणी करून घ्या, म्हणजे नाण्याविना बटणं चालतात आणि नाण्याची यंत्रणा जशीच्या तशी राहते.

ज्यूकबॉक्स आधी घेऊ नका, आधी हात बसवा. लाऊडस्पीकरवाल्यांकडे एकावर एक रेकॉर्डी टाकणारे जुने चेंजर पडून असतात, गॅरार्ड कंपनीचे वगैरे. रेकॉर्ड संपली हे ओळखून हात आपोआप मागे नेणं, पुढची टाकणं, ही ज्यूकबॉक्सची अर्धी अक्कल त्या लहानशा यंत्रात आहे. असा एखादा बंद चेंजर स्वस्तात घ्या, स्वयंपाकघरापासून लांब एखाद्या टेबलावर खोला आणि चालू करा. तो चालू झाला की घरच्यांच्या आवडीची एखादी रेकॉर्ड लावा, भंगाराचा विषय त्या संध्याकाळी निघणार नाही. चेंजर मिळाला की त्याच्या खालच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर या उत्तराखाली लिहा. त्यातलं कोणतं रबर आणि कोणता कंडेन्सर आधी बघायचा ते सांगतो.